घोळीचा हाकारा

देवयानी मेहेरने घोळ माशाचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती सात वर्षांची होती. वडिलांनी होडीचं इंजिन बंद केलं, वल्हं पाण्यात उभं धरलं आणि त्याच्या वरच्या टोकाला तिचा कान टेकवला. लांब कुठेतरी कुणी रिकामं पिंप बडवतंय, असं तिला वाटलं. शेजारी तिचा मोठा भाऊ जयेंद्र आपली पाळी कधी येते म्हणून चुळबुळत उभा होता.

वडील गेले तेव्हा जयेंद्रने दहावी अर्धवट टाकून होडी हातात घेतली. देवयानी मात्र शिकत राहिली, कारण जयेंद्रने तिला थांबू दिलं नाही. पुढे ती समुद्रातल्या आवाजांची शास्त्रज्ञ झाली आणि तो टेंभेबंदरात बोट चालवणारा तांडेल. २०३८ साली भाद्रपदात तिने जे यंत्र समुद्रात सोडलं, ते जयेंद्रच्याच बोटीवरून.

यंत्र प्रेशर कुकरएवढं होतं. तिने त्याचं नाव ठेवलं होतं हाकारा.

नर घोळीच्या पोटात हवेची एक जाड पिशवी असते. कोळी तिला बोत म्हणतात. पिशवीच्या दोन्ही बाजूंचे स्नायू भराभर आखडले की ती ढोलासारखी घुमते. अंडी घालायचे दिवस आले की शेकडो नर एका ठरलेल्या जागी जमतात आणि दिवस कलल्यावर घुमायला लागतात. माद्या त्या आवाजाच्या मागावर येतात. टेंभेबंदरासमोरच्या समुद्रात ही जागा म्हणजे तळाशी असलेली एक लांब घळ. तिला सगळे नुसतं ‘खाच’ म्हणत. पण किनाऱ्यावर मोठं बंदर झालं, जहाजांची ये-जा वाढली आणि त्यांच्या घरघरीत माशांना एकमेकांचं ऐकू येईनासं झालं. घोळी जमेनाशा झाल्या.

देवयानीने नऊ वर्षांची ध्वनिमुद्रणं तपासली. त्यात तिला एक ठेका सापडला. चार लांब ठोके, जरा थांबून दोन आखूड. या ठेक्यावर मासे वळतात, बाकी घुमण्याकडे ते फारसं लक्ष देत नाहीत. तोच ठेका जहाजांच्या आवाजातूनही पोचेल अशा पट्टीत बसवून हाकारा पाण्यात सोडायचा आणि घोळींना पुन्हा खाचेत जमवायचं, अंडी घालू द्यायची, एवढीच तिची कल्पना होती.

पहिल्याच दिवशी कल्पना खरी ठरली. बोटीवरच्या पडद्यावर आधी एक ठिपका दिसला, मग पाच, मग पडद्याचा खालचा भाग लालच झाला.

"आल्या!" देवयानी ओरडली आणि भावाच्या गळ्यात पडली. "दादा, आल्या रे!"

जयेंद्र हसला. पण त्याची नजर पडद्यावरून हलली नाही. त्या लाल डागात किती बोतं आहेत हे त्याला न मोजताही कळत होतं. वाळलेलं बोत परदेशी जायचं. त्यातून शस्त्रक्रियेचे धागे होत, औषधं होत आणि श्रीमंतांच्या मेजवानीतलं सूपही. एका चांगल्या बोताला सोन्याच्या तोलाने भाव होता.

चार दिवसांनी तो तिच्या खोलीवर आला. चहाला हात लावला नाही.

"एक दिवस दे मला ते."

"दादा, ते त्यासाठी नाहीये."

"कशासाठी आहे ते मला माहीत आहे. मीच नेऊन सोडलं ना? बोटीच्या फळ्या कुजल्यात, देवू. दोन वर्षं पापलेट नाही की सुरमई नाही. खलाशी सोडून चाललेत. एक दिवस. परत मागायला आलो तर थोबाडीत मार."

देवयानीला नाही म्हणायचं होतं. पण समोर बसलेल्या माणसाच्या बोटांवर दोरीने पडलेले वळ होते, आणि त्या वळांवर तिचं सगळं शिक्षण झालं होतं. तिने कपाट उघडून हाकारा काढून दिला.

त्या दिवशी त्याला एकोणीस घोळी मिळाल्या.

आठवड्याने तो परत आला. या वेळी देवयानीने ठाम नकार दिला. तो रागावला नाही, वाद घातला नाही, "बरं" म्हणून निघून गेला. तेवढ्यावरून तिला कळायला हवं होतं. ठेका त्याने आधीच मोबाइलवर उतरवून घेतला होता. पाण्यात चालणारा एक भोंगा विकत आणला, त्याला मोबाइल जोडला की झालं. आणि त्याने खाचेत तो वाजवला तेव्हा शेजारच्या बोटीने पाण्यात माइक सोडून तो उतरवून घेतला. यंत्राला कुलूप लावता येतं, पण पाण्यात सोडलेला आवाज ज्याला ऐकू येईल त्याचा होतो. महिन्याभरात टेंभेबंदरातल्या चाळीस बोटींवर हाकारा वाजत होता.

मग टेंभेबंदर बदललं. जयेंद्रची एक बोट होती, तीन झाल्या. कौलारू घर पाडून त्याने तीन मजली बंगला बांधला, त्याला लिफ्ट बसवली. वर राहायला तो आणि त्याची बायको रेवती, दोघंच. मुलगी लग्न होऊन वसईला गेलेली. गावातल्या लग्नात आहेर म्हणून पाहुण्यांना चांदीच्या घोळी वाटल्या जाऊ लागल्या. बाजारात मासळीच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या बायका दिसेनाशा झाल्या, कारण आता पाटी घेऊन बसणं कमीपणाचं वाटायला लागलं होतं.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी रेवती किनाऱ्यावर गेली ती धावतच परत आली. जयेंद्र ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होता.

"चला माझ्याबरोबर."

"काय झालं?"

"चला म्हणते ना!"

भरतीच्या रेषेवर घोळी पडल्या होत्या. माणसाच्या कमरेएवढ्या लांब. पोटं चिरलेली, बोतं काढून घेतलेली, बाकी मासा जसाच्या तसा. काहींच्या पोटातून अंड्यांची पिवळी गाबोळी बाहेर सांडली होती आणि तिच्यावर माश्या घोंगावत होत्या. कुत्रीसुद्धा खाऊन खाऊन कंटाळून वाळूत पसरली होती.

"कोणी टाकल्या या?" रेवतीने विचारलं.

जयेंद्र पाण्याकडे बघू लागला.

"मी विचारते, कोणी टाकल्या?"

"सगळ्यांनीच. आपल्याही असतील. बर्फाला जागा नसते, रेवती. मांसाच्या पैशात डिझेलसुद्धा निघत नाही. तेवढ्यात दुसरी फेरी होते."

"माझ्या सासूने एक घोळ मिळाली तर डोक्यावरून दहा मैल नेऊन विकली असती. मुंडक्याचं कालवण घरात केलं असतं." ती खाली बसली आणि एका माशाच्या पोटातली गाबोळी ओंजळीत घेऊन बघत राहिली. "या तर माद्या आहेत. माद्यांच्या बोताला भावसुद्धा नाही म्हणता ना तुम्ही? मग मारल्या कशाला?"

"जाळ्यात आल्यावर नर-मादी कोण बघतं? चिरल्यावरच कळतं."

त्या दिवसापासून रेवती लिफ्टमध्ये चढली नाही. खालच्या खोलीत राहू लागली आणि सुकट-बोंबलाची टोपली घेऊन बाजारात बसू लागली. बंगल्याच्या मालकिणीने बाजारात बसावं म्हणून गावात हसू झालं. जयेंद्रने समजावलं, चिडला, मग आठवडाभर बोलला नाही. देवयानीने तर त्याचा फोन घेणंच केव्हाच बंद केलं होतं. तिने वरिष्ठांना पत्रं लिहिली, खाचेत मासेमारी बंद करा म्हणून अर्ज केले. बंदीचा कागद निघालाही, पण कागद पाहायला खाचेत कोण जाणार?

पाचव्या वर्षी भाद्रपदात चाळीस बोटी खाचेवर गेल्या, चाळीस भोंगे पाण्यात उतरले आणि एकही घोळ आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. पंधरा दिवस नाही. लोकांनी आवाज वाढवला. पडदे निळेच राहिले.

देवयानी आली ती पुढच्या वर्षी, भाद्रपदाच्या तोंडावर. तीन वर्षांनी भावाच्या दारात उभी राहिली. केस पांढरे झाले होते. रेवतीने तिला आत घेतलं, पाणी दिलं. जयेंद्र तिच्याकडे न बघता म्हणाला, "संपल्या का गं?"

"नाही. हीच तर गोष्ट आहे, संपलेल्या नाहीत. मी पाण्याचे नमुने तपासले. माशांच्या अंगावरून सुटलेले कण पाण्यात असतात, त्यावरून कळतं. थोड्या आहेत. विखुरलेल्या, लांबलांब."

"मग येत का नाहीत?"

तिने टेबलावरच्या वाटीतले शेंगदाणे पसरले. "हे बघ. प्रत्येक माशाला हाकेची ओढ सारखी नसते. काहींना फार असते, काहींना थोडी, एखाद्याला नसतेच. तुम्ही पाच वर्षं हाक मारलीत. जे आले ते मेले." ती एकेक शेंगदाणा उचलत गेली. शेवटी पाच-सहा उरले. "हे उरलेले कोण? ज्यांना हाकेचं काही वाटत नाही ते. त्यांची पिल्लंही तशीच. त्यांना तुमचा भोंगा ओळखता येतो असं नाही, दादा. त्यांना आता खऱ्या नराचीही ओढ वाटत नाही. ते जमणारच नाहीत. जमले नाहीत तर अंडी नाहीत. दहा-पंधरा वर्षं एकेकटे फिरतील आणि म्हातारे होऊन मरतील."

रेवतीने त्या उरलेल्या शेंगदाण्यांवरून बोट फिरवलं.

"एकही उरला नसेल का, ओ देणारा?" रेवतीने विचारलं.

"असेल, वहिनी. दोन-चार असतील. लांब असल्यामुळे वाचलेले. त्यांना हाकाऱ्याने खाचेत आणता येईल. त्यांची पिल्लं हाक ऐकणारी होतील. पण मी बोलावलं आणि ते आले, तर वर चाळीस जाळी आहेत. नाही बोलावलं तर ते तसेच संपतील." तिने ते शेंगदाणे मुठीत घेतले. "पाच महिने मी याच्यावर विचार करतेय. मला काही सुचत नाही. म्हणून तुझ्याकडे आले, दादा. तुझ्याशिवाय मला खाचेतलं कोण सांगणार?"

जयेंद्र त्या रात्री जेवला नाही. सकाळी उठून दारोदार फिरला. एक वर्षभर भोंगे बंद ठेवा, खाचेत जाळं टाकू नका, म्हणून हात जोडले. काहींनी माना डोलावल्या. बऱ्याच जणांनी दार लोटून घेतलं. रघुवीर तरे मात्र अंगणात येऊन उभा राहिला. तो जयेंद्रच्या वर्गातला. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर राबून यंदाच त्याने स्वतःची बोट बांधली होती. तिच्या नाकावरचा हार अजून सुकला नव्हता.

"तू कितींदा हात धुऊन घेतलेस, जयेंद्र?" तो म्हणाला. "माझी पहिली पंगत वाढायला घेतली आणि तू सांगतोस उठ?"

"रघू, पाच-दहाच राहिल्यात."

"म्हणजे भाव अजून चढणार."

"त्या मेल्या की कायमच्या गेल्या."

"त्या मी मारल्या का?" रघुवीरच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. "तुझा तीन मजली बंगला मी रोज खालून बघतो. पोट भरलं, आता आम्हाला उपास शिकव! एक सांगतो. या भाद्रपदात तिथे एक जरी घोळ आली, तर माझं जाळं तिथे असेल."

 रघुवीरचं म्हणणं खोटं नव्हतं. जयेंद्र अंगणातून निघाला. घरी येऊन तो बंगल्यासमोर उभा राहिला आणि बराच वेळ कंपाउंडच्या भिंतीकडे बघत राहिला. मग आत जाऊन बहिणीला म्हणाला, "बुडालेल्या बोटीवर कुणी जाळं टाकत नाही. फाटतं."

देवयानीला कळायला क्षणभर लागला. "दादा..."

"तिन्ही. खाचेच्या तोंडाशी एक, मधे एक, शेवटी एक. कडेने लोखंडाचे गज बाहेर काढून. गळाने धरतील का?"

"अंडी घालायच्या दिवसांत घोळ आमिषाला तोंड लावत नाही. पण तू खायचं काय?"

"ते मग बघू."

"परवाना काढून घेतील. तुरुंगातही टाकतील."

"देवू, मी तुझ्याकडून एक दिवसासाठी घेतलं होतं ना?" एवढं बोलून तो पहार शोधायला उठला. 

कंपाउंडची भिंत फोडायला चार दिवस लागले. दगड आणि सिमेंटचे तुकडे बोटींच्या पोटात भरले. देवयानीने टाक्यांमधलं डिझेल आणि तेल उपसून काढायला लावलं, पोचण्यापुरतं तेवढं ठेवलं. रेवतीने प्रत्येक बोटीच्या केबिनमधली देवाची तसबीर उतरवून पदराखाली घेतली.  तिसऱ्या बोटीवरून उतरताना तिने फक्त लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोहून यायचं आहे, दमू नका."

ओहोटीच्या दुपारी त्याने पहिली बोट तळाची फळी काढून बुडवली, मग दुसरी. खलाशांना छोट्या होडीतून परत पाठवलं. तिसरी बोट त्याने एकट्याने नेली. एव्हाना गावात बातमी फुटली होती आणि दहा-बारा बोटी त्याच्या मागे आल्या होत्या. लोक ओरडत होते, शिव्या देत होते. कुणीतरी बाटली फेकून मारली. जयेंद्रने घणाने तळाचं बूच उडवलं. पाणी गुडघ्यापर्यंत चढलं, कमरेपर्यंत चढलं. त्याने नंतर सांगितलं की त्या वेळी त्याला बोट सोडावीशी वाटत नव्हती. बोट बसली तशी तोही खाली ओढला गेला, मग कसाबसा वर आला. वाऱ्याने पाणी उसळत होतं. पन्नाशीच्या माणसाचे हात किती चालणार?

त्याला पाण्यातून ओढून काढलं ते रघुवीरने. काखेत दोर अडकवून, एखादा मासा ओढावा तसा. जयेंद्र फळीवर पडून खारं पाणी ओकत होता आणि रघुवीर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"स्वतःची बोट बुडवणारा तांडेल मी अजून बघितला नव्हता," तो म्हणाला. मग त्याने टॉवेल फेकला आणि इंजिन चालू केलं.

परवाना गेला. खटला उभा राहिला. त्या पंधरवड्यात त्याच्या घराच्या काचा दोनदा फुटल्या. तरी दिवस कलायला लागला की भाऊ-बहीण वल्ह्याच्या होडीतून खाचेवर जात. देवयानी हाकारा अगदी हलक्या आवाजात लावी, मग बंद करी आणि पाण्यात माइक सोडून कानाला हेडफोन लावून बसे. आठ दिवस जहाजांच्या घरघरीशिवाय काही आलं नाही.

नवव्या दिवशी तिने जयेंद्रचा दंड घट्ट धरला. दुसरा हेडफोन त्याच्या कानाला लावला.

चार लांब ठोके. मग दोन आखूड.

"आपलाच नाही ना?" त्याने विचारलं.

"आपला बंद आहे."

 ठोके पुन्हा आले, जरा खरखरीत, मध्येच चुकणारे. यंत्रात अशी चूक होत नाही.

"एकच आहे?"

"एकच. नर."

"आणि मादी?"

"मादी बोलत नाही, दादा. ती आली तर आपल्याला कळायचं नाही. ती जवळ आली की नर हळूहळू थांबतो."

"नाही आली तर?"

"तरी थांबतो. दमून."

सहा दिवस तो एकटा नर घुमत होता. तिसऱ्या दिवसापासून काही बोटी खाचेच्या बाहेर येऊन उभ्या राहू लागल्या. कुणी जाळं टाकलं नाही. टाकलं असतं तर फाटलंच असतं. रघुवीरही आला. त्याने इंजिन बंद केलं आणि जयेंद्रच्या होडीत उतरून हेडफोन मागितला. बराच वेळ ऐकलं. परत देताना एवढंच म्हणाला, "म्हातारा वाटतो."

सातव्या दिवशी खाच गप्प होती. आठव्या दिवशीही. देवयानीने मलमलीच्या बारीक जाळीने पाणी गाळून तीन बाटल्या भरल्या आणि अंडी सापडतात का ते तपासायला त्या घेऊन पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली.

आता जयेंद्र रघुवीरच्या बोटीवर खलाशी होता. दुसरं कुणी त्याला कामावर घ्यायला तयार नव्हतं. देवयानीचा फोन आला तेव्हा दोघं धक्क्यावर बसून जाळं शिवत होते. बाजारातून परत आलेली रेवती रिकामी टोपली घेऊन तिथेच टेकली होती.

"नाही मिळाली," देवयानी म्हणाली. "बोंबलाची अंडी आहेत, मांदेलीची आहेत. घोळीचं एकही नाही."

"म्हणजे मादी आलीच नाही?"

"म्हणजे त्या तीन बाटल्यांत नाहीत, दादा. समुद्रात आहेत की नाहीत ते मला कसं कळणार? एक अंडं जरी वाचलं असेल, तरी त्यातला मासा परत हाकेला येण्याएवढा मोठा व्हायला तीन-चार वर्षं लागतील."

फोन बंद झाला.  जयेंद्रच्या तोंडाकडे बघूनच रेवती उठली आणि टोपली कडेवर घेऊन घराकडे चालू लागली.

रघुवीरने सुईत दोरा ओवला. "चार वर्षं म्हणाली का?"

"हो."

"तो म्हातारा पुढच्या वर्षी येईल का रे परत?"

"जगला तर येईल. भाद्रपदात."

"म्हणजे त्या दिवसांत माझी बोट मी बंद ठेवायची."

जयेंद्रने हे मागितलं नव्हतं. मागायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो सुई हातात धरून रघुवीरच्या तोंडाकडे बघत राहिला. रघुवीर समुद्राकडे बघत होता. लांबवर एक मालवाहू जहाज नव्या बंदराकडे चाललं होतं आणि त्याची घरघर धक्क्याच्या दगडांतून पायाला जाणवत होती.

"बघू," रघुवीर म्हणाला आणि त्याने जाळ्याचं पुढचं भोक ओढून घेतलं.